पाटीसाठी कलह, मार्गासाठी मौन: मुंबईच्या लुप्त बसमार्गांविषयी

१/ मुंबईत नावावरून वाद पेटायला वेळ लागत नाही. २०१८ साली एल्फिन्स्टन रोड स्थानकाचे प्रभादेवी झाले, तेव्हा तो पेटला. १३ मार्च २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने करी रोडचे लालबाग, चर्नी रोडचे गिरगाव आणि कॉटन ग्रीनचे काळाचौकी करण्यास मान्यता दिली, तेव्हाही दोन्ही बाजूंनी लेखण्या परजल्या गेल्या. याच शहरात एखादा बसमार्ग कायमचा बंद होतो, त्या दिवशी मात्र इतिहासप्रेमींच्या गोटात सामसूम असते. हा धागा त्या सामसुमीविरुद्ध आहे.

२/ माझे म्हणणे सरळ आहे. नाव बदलले तरी ठिकाण जागच्या जागी राहते. प्रभादेवीला गाडी पूर्वीच्याच फलाटावर थांबते. मार्ग बंद झाला की दोन वस्त्यांमधला रोजचा व्यवहार तुटतो. तेव्हा इतिहासाच्या तराजूत मार्गाचे जाणे नामांतराहून जड आहे. तरी आपण नामांतराच्या तारखा मुखोद्गत करतो आणि मार्गाच्या मृत्यूची नोंदसुद्धा ठेवत नाही.

३/ आरंभापासून पाहू. ९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. मार्ग दोन होते: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. कुलाबा ते पायधुणी भाडे तीन आणे, तिकीट मात्र दिले जात नसे. पुढे ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम धावली आणि घोडे निवृत्त झाले. ट्रामचे जाळे उत्तरेकडे सरकत गेले, तसतशी मुंबईही सरकली.

४/ या जाळ्याची खूण आजही रोज आपल्या जिभेवर असते. ‘दादर टी. टी.’ आणि ‘परळ टी. टी.’ यांतला टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली. दादरच्या चौकाला खोदादाद सर्कल असे रीतसर नाव आहे, तरी टॅक्सीवाल्याला आपण टी. टी. असेच सांगतो. ज्या रस्त्यावर ही दोन्ही ठिकाणे आहेत, त्याच्या तुकड्यांना पूर्वी परळ रोड, व्हिन्सेंट रोड, किंग्जवे अशी नावे होती. आज तो सारा डॉ. आंबेडकर मार्ग आहे. नावे गेली, चौक राहिले. लोकांच्या स्मरणात टिकला तो मार्गाचा शेवटचा थांबा.

५/ १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. त्याच वर्षी परळला केईएम रुग्णालय उघडले. हा योगायोग ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे. आरंभी बस हे वरच्या मध्यमवर्गाचे वाहन मानले जाई. ससून डॉक ते दादर या प्रवासाला ट्राममध्ये दीड आणा पडे, बसमध्ये चार आणे. गिरणीकामगार, गोदीकामगार, हमाल यांचे वाहन म्हणजे ट्राम.

६/ हा वर्गभेद मार्गांच्या नावांतही दिसे. आकडे ट्रामच्या मार्गांना असत. बसच्या मार्गांना रोमन अक्षरे. पुढे अक्षरे गेली, आकडे बसकडे आले. म्हणजे मुंबईच्या बसमार्गांचे पहिले सार्वत्रिक नामांतर होऊन गेले आहे. त्यावर कुणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही, आणि कोणत्या अक्षराचा कोणता आकडा झाला हे सांगणारा सर्वांना सहज मिळेल असा तक्ताही नाही. जुन्या आठवणींच्या पुस्तकांत अक्षराची बस भेटली की आजचा वाचक अडखळतो.

७/ ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, खासगी कंपनीची वीज आणि वाहतूक मुंबई महापालिकेच्या मालकीची झाली. तीच आपली ‘बेस्ट’. पुढे बसवलेल्या आकड्यांत एक भूगोल होता: १ ते १९९ शहरासाठी, दोनशेचे आकडे पश्चिम उपनगरांसाठी, तीनशेचे पूर्व उपनगरांसाठी, चारशेचे पूर्व-पश्चिम जोडण्यासाठी. बसच्या कपाळावर देवनागरी आकडा असे. अनेक अमराठी मुंबईकरांची देवनागरी अंकांशी पहिली ओळख शाळेत झाली नाही, थांब्यावर झाली.

८/ ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही अखेरची ट्राम धावली. ट्राम मंद, ट्राम अडथळा, ट्राम जुनाट, असे आपण वाचत आलो आहोत. त्यात तथ्य आहे. पण दीड आण्यात दादर गाठणाऱ्या माणसाच्या बाजूने तो इतिहास क्वचितच लिहिला गेला. ट्रॉलीबसची गोष्ट त्याहून त्रोटक आहे: ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव डॉक सुरू झाली, २४ मार्च १९७१ रोजी संपली. नऊ वर्षांचा सारा प्रयोग लोकांच्या लेखी दोन तारखांपुरता उरला आहे.

९/ आता गिरणगावात या. लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी येथे घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चाले. पाळी सुटली की हजारो माणसे एकाच वेळी रस्त्यावर येत, आणि ट्राम व बस यांना त्या भरतीओहोटीशी जमवून घ्यावे लागे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा संप सुरू झाला आणि ते घड्याळ बंद पडले. संपावर पुस्तके आहेत, नाटके आहेत, प्रबंध आहेत. कोणत्या मार्गाच्या कोणत्या फेऱ्या पाळ्यांबरोबर संपल्या, हे मात्र वेळापत्रकांतच सापडेल. आणि जुनी वेळापत्रके रद्दीत जातात.

१०/ गिरण्यांच्या जागी मनोरे आले. रस्त्याची मांडणीही माणूस बदलला असे गृहीत धरून झाली. २०११ साली लालबागचा उड्डाणपूल खुला झाला. पुलावर बसथांबा नसतो. भारतमाताजवळ उतरणारा, गणेश टॉकीजला चढणारा प्रवासी खालीच राहिला. मोटार वरून गेली आणि बस पुलाच्या खांबांमधून वाट काढत राहिली. त्या पुलावर खर्च झालेला पैसा वाहतुकीवरचा खर्च मानला जातो. बसची तूट भरून द्यायची वेळ आली की तोच पैसा मात्र ‘अनुदान’ होतो, ‘ओझे’ होतो.

११/ ‘प्रवासीच नाहीत, म्हणून मार्ग बंद केला,’ हे नेहमीचे उत्तर. त्यामागची रीत पाहा. आधी फेऱ्या कमी होतात. दहा मिनिटांची बस अर्ध्या तासाने येते. घाईतला माणूस शेअर टॅक्सी धरतो. मग गर्दी मोजली जाते आणि ती कमी भरते. त्या आकड्याच्या आधारे मार्ग रद्द होतो. उपाशी ठेवलेल्या माणसाचे वजन घटले म्हणून त्याला अन्नाची गरजच नाही, असा निष्कर्ष काढण्यासारखे हे आहे.

१२/ प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे. शहर बदलते, तसे मार्गही बदलले पाहिजेत. गिरणी नाही तर गिरणीच्या पाळीची बस कशाला? बरोबर. १९६० सालचा नकाशा जसाच्या तसा हवा, असा हट्ट कुणी धरू नये. हट्ट एवढाच की बदल करणाऱ्याने कारण लिहून ठेवावे, आधी विचारावे आणि बदलाची नोंद लोकांसाठी खुली ठेवावी. बदल आणि विस्मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१३/ अलीकडची वर्षे पाहा. वीजपुरवठ्याच्या उत्पन्नातून बसची तूट भरून काढण्याची जुनी सोय थांबली. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी किमान भाडे ५ रुपयांवर आले आणि स्वमालकीच्या ३,३३७ बसगाड्या राखण्याचा करार संघटनेशी झाला. २०२५ मध्ये ही संख्या हजाराच्याही खाली होती. बाकीचा भार भाडेतत्त्वावरील गाड्यांवर. गाडी कंत्राटदाराची, चालकही त्याचाच. कंत्राटदार अंग काढून घेतो, तेव्हा गाड्यांबरोबर फेऱ्याही जातात. ९ मे २०२५ रोजी किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले. पहिल्या ट्रामचीही तारीख तीच, हे किती जणांच्या लक्षात आले?

१४/ आता आपल्याकडे, म्हणजे इतिहासप्रेमींकडे वळतो. १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुन्या लाल दुमजली बसला निरोप दिला गेला. हार घातले, छायाचित्रे काढली, डोळे पाणावले. ते खोटे नव्हते. पण आपण निरोप दिला तो पत्र्याला. वरच्या मजल्यावरच्या पुढच्या बाकाविषयी शेकडो टिपणे लिहिली गेली. त्या गाड्या कोणत्या मार्गांवर किती वर्षे धावल्या आणि पुढे त्या मार्गांचे काय झाले, याविषयी बोटांवर मोजण्याइतकी. गाडीची जागा नव्या गाडीने घेता येते. वातानुकूलित दुमजली बस फेब्रुवारी २०२३ मध्येच ए-११५ या मार्गावर आली होती. तुटलेल्या मार्गाची जागा कोण घेणार?

१५/ ‘मेट्रो आली आहे ना?’ आली आहे, आणि चांगली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते. गिरगाव, काळबादेवी, दादर येथे तिची स्थानके आहेत. पण नकाशा उघडून पाहा: लालबाग नाही, काळाचौकी नाही, शिवडी नाही. ज्या गिरणगावाने ट्रामची आणि बसची तिजोरी भरली, ते या मार्गिकेच्या पूर्वेला राहून गेले. शिवाय मेट्रो दोन स्थानके जोडते. रुग्णालयाचे फाटक आणि चाळीचे तोंड जोडते ती बस.

१६/ परळच्या रुग्णालयांचा योगायोग वर सांगितला, तो इथे कामाला येतो. केईएम, टाटा, वाडिया ही तिन्ही रुग्णालये जवळजवळ आहेत. तेथे जाणारा माणूस आजारी, म्हातारा किंवा कडेवर मूल घेतलेला असतो. त्याला रेल्वेचा जिना नको असतो. १२ सप्टेंबर २०२५ रोजी परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला. बसगाड्या वळवल्या गेल्या. उत्तरेला टिळक पूल, दक्षिणेला करी रोड. शंभरहून अधिक वर्षांचा एक सरळ रस्ता वळसा झाला.

१७/ उद्या तेथे नवा पूल होईल. त्यावरून मोटारी धावतील, उद्घाटन होईल, नावावरून वादही होईल. त्या दिवशी कुणीतरी विचारले पाहिजे: जुन्या पुलावरून कोणते मार्ग जात होते, त्यांच्या फेऱ्या किती होत्या आणि त्यांतले किती परत आले? नोंद नसेल तर प्रश्नच विचारता येणार नाही. ‘येथे पूर्वी बस होती’ एवढे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला ‘पुरावा दाखवा’ असे सांगून वाटेला लावता येईल. मार्गांचा इतिहास हा छंद नाही, तो नागरिकाच्या हातातला दस्तऐवज आहे.

१८/ हे अशक्य आहे काय? २०२२ साली लंडनमध्ये अनेक बसमार्ग रद्द करण्याचा प्रस्ताव आला. तेथे आधी लोकांचे म्हणणे मागवावे लागते. हरकती आल्या, पैशाची तजवीज झाली आणि बहुतेक मार्ग वाचले. लंडन श्रीमंत आहे, हे खरे. पण प्रस्तावाची यादी आधी छापून लोकांपुढे ठेवायला श्रीमंती लागत नाही.

१९/ मागण्या तीन. एक: १९२६ पासूनच्या प्रत्येक मार्गाची आरंभ-अखेर, बदललेले क्रमांक आणि थांबे यांची सूची बेस्टने सर्वांसाठी खुली करावी. दोन: मार्ग रद्द करण्यापूर्वी थांब्यावर आणि वृत्तपत्रांत कारणासह सूचना द्यावी, हरकती मागवाव्यात. तीन: आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात गाड्यांच्या प्रतिकृतींशेजारी मार्गांचे नकाशेही मांडावेत.

२०/ आणि एक काम आपले. घरातल्या ट्रंकेत जुनी तिकिटे, पास, वेळापत्रकाच्या पुस्तिका असतील. रद्दीवाल्याला देण्याआधी त्यांची छायाचित्रे घ्या, त्यावर वर्ष आणि मार्ग लिहा. निवृत्त वाहक-चालक आजही लालबाग-परळच्या चाळींत आहेत. त्यांना तिकिटाचे दर विचारा, थांब्यांची नावे क्रमाने विचारा. १५ जुलै २०२६ हा मुंबईच्या बसचा शताब्दीदिन. त्या दिवशी दुमजली बसचे छायाचित्र टाकायला हरकत नाही. पण त्याखाली बंद झालेल्या एका तरी मार्गाचा क्रमांक, त्याची दोन टोके आणि मधले थांबे लिहा. नोंदवही तेथूनच सुरू होईल.