नवे मशीन, जुनी मोरी

कपडे धुण्याचे मशीन घ्यायचे ठरले की घरात चर्चा होते ती किती किलोचे, कोणत्या रंगाचे आणि हप्ता किती, याची. मोरीतल्या नळाकडे कुणी बघत नाही. आमचे म्हणणे असे, की दुकानात जाण्याआधी जरा मोरीत जाऊन उभे राहावे.

पहिले पाण्याचा जोर बघा. टाकी गच्चीवर आणि घर सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर नळ मंदच चालतो. समोर दार असलेल्या बऱ्याच मशीनना किमान ०.३ बार दाब लागतो. म्हणजे टाकीतले पाणी मशीनच्या नळापेक्षा सुमारे ३ मीटर उंच हवे. तेवढे नसले तर मशीन पाण्याची वाट पाहत अडून बसते. मग दुरुस्तीवाल्याला बोलावणे जाते, आणि मशीन तर ठणठणीत असते! अशा घरात टाकी उंच करावी, छोटा पंप लावावा, नाहीतर बादलीने पाणी ओतता येते असे सेमी ऑटोमॅटिक घ्यावे. त्यात कमीपणा कसला?

असलेल्या नळालाच नळी अडकवून काम भागवू नये. वुजूला, भांड्यांना तोच नळ लागतो आणि रोजच्या काढ-घालीत जोड सैल होतो. प्लंबरकडून पाइपला टी टाकून मशीनसाठी वेगळा कॉक काढून घ्यावा. मशीनच्या नळीचे आटे पाऊण इंची असतात, घरातले नळ बहुधा अर्धा इंची. तेव्हा कॉक तसा बघूनच आणावा.

खरा घोटाळा होतो तो सांडपाण्याच्या नळीत. वरून झाकण असलेल्या अनेक मशीनमध्ये पंप नसतो, पाणी उताराने जाते. ती नळी जमिनीलगतच न्यावी. मोरीच्या कठड्यावरून चढवली की पाणी आतच साचते. समोर दार असलेल्या मशीनचे नेमके उलटे. त्याच्या नळीचे टोक साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच बांधावे लागते. नक्की आकडा पुस्तिकेत असतो. ते खाली सोडले तर आत येणारे पाणी आपोआप बाहेर वाहते, मशीन भरतच राहते आणि इकडे टाकी रिकामी.

कपडे धुऊन झाले की कॉक बंद करायची सवय घरातल्या सर्वांना लावावी, मुलग्यांनासुद्धा. कॉक उघडा असला की नळीवर रात्रंदिवस दाब राहतो. ती मध्यरात्री फाटली तर खालच्या शेजाऱ्यांचे छत गळते, आणि ती भरपाई नुसत्या माफीने होत नाही.

पहिल्यांदा मशीन कपड्यांशिवाय चालवावे. प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून पाहावा. ओला झाला तर प्लंबर घरात असतानाच दाखवावा, पैसे त्यानंतर द्यावेत.