टॅब्लेटचा खर्च कोणाचा?

मुलाच्या अभ्यासासाठी टॅब्लेट हवा, असे शाळेने सांगताच आमचे मायबाप कर्ज काढावयास निघतात. बांधवांनो, कर्जाआधी कायदा पाहा! सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे तिसरे कलम सहा ते चौदा वर्षांच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क देते. शिक्षण पुरे करण्यास अडथळा होईल असे कोणतेही शुल्क वा खर्च त्याच्यावर लादता येत नाही. ‘खर्च’ या शब्दात टॅब्लेट येत नाही काय?

खाजगी शाळांतील दुर्बल घटकांच्या मुलांना ही साधने शाळेने पुरवावीत, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यास स्थगिती दिली, हेही सांगितले पाहिजे. वकिलाने अशिलास अर्धे सांगू नये. परंतु कायद्यातील शब्द स्थगित झालेले नाहीत.

साधन मला त्याज्य वाटत नाही. ‘दीक्षा’ हे सरकारी ॲप २०१७ पासून विनामूल्य आहे. ज्या घरी आईबापांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, तेथे रात्री धडा पुन्हा ऐकावयास मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र गणित कोठे चुकले, हे मुलाजवळ बसून दाखविणे शिक्षकाचेच काम आहे.

टॅब्लेट सक्तीचा केल्यास मुख्याध्यापकांना लेखी विचारा, पोच घ्या. उत्तर न आल्यास ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयास हवा.