फास्टिंग इन्शुलिन टेस्ट: एकाच रक्ताचे दोन लॅबमध्ये दोन आकडे का येऊ शकतात?

'शुगर नॉर्मल असली तरी फास्टिंग इन्शुलिन तपासाच,' असं सांगणाऱ्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. वाढलेलं वजन, पीसीओएस, थकवा, सगळ्याचं उत्तर जणू या एका आकड्यात आहे. पण तो आकडा येतो कुठून?

रक्तातली साखर रासायनिक प्रक्रियेने सहज मोजता येते. स्वादुपिंडात तयार होणारं इन्शुलिन मात्र रक्तात अगदी थोडं असतं. इतर प्रथिनांच्या गर्दीतून ते नेमकं पकडायला अँटीबॉडी लागते.

ही वाट न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सापडली. इन्शुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या शरीरात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, असं रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांना दिसलं. तेव्हाच्या तज्ज्ञांना ते पटेना. 1956 मध्ये त्यांचा शोधनिबंध छापला गेला, तोही शीर्षकातले 'इन्शुलिन अँटीबॉडी' हे शब्द काढल्यावर. पुढे त्यांनी गिनीपिगमध्ये अशा अँटीबॉडी तयार करून घेतल्या. किरणोत्सारी इन्शुलिन आणि रुग्णाच्या रक्तातलं इन्शुलिन यांच्यात त्या अँटीबॉडीला चिकटण्याची स्पर्धा लावली. रुग्णाचं इन्शुलिन जितकं जास्त, तितकं किरणोत्सारी इन्शुलिन बाजूला पडतं. हीच रेडिओइम्युनोअसे. 1977 मध्ये यॅलो यांना नोबेल मिळालं. बर्सन 1972 मध्येच वारले होते. नोबेलच्या भाषणात यॅलो यांनी तो शोधनिबंध नाकारणारं पत्रही दाखवलं.

आज बहुतेक लॅबमध्ये किरणोत्सारी पदार्थ लागत नाहीत, अँटीबॉडी मात्र लागतेच. आणि खरी अडचण तिथेच आहे. प्रत्येक कंपनीच्या किटमधली अँटीबॉडी वेगळी. काही किट इन्शुलिनच्या आधीचं रूप, म्हणजे प्रोइन्शुलिनही थोडंफार मोजतात. ग्लार्जिन, लिस्प्रो यांसारखी इंजेक्शनमधली इन्शुलिनं एका किटला दिसतात, दुसऱ्याला जवळपास दिसत नाहीत. म्हणूनच इंजेक्शन घेणाऱ्यांचं स्वादुपिंड स्वतः किती इन्शुलिन बनवतं, हे पाहायला डॉक्टर सी-पेप्टाइड तपासतात.

त्यामुळे वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'इन्शुलिन घटलं' म्हणणं धोक्याचं. कारण नसताना साखर वारंवार खूप खाली जात असेल, तर ही तपासणी मोलाची ठरते. पण मधुमेहाचा धोका असलेल्या सरसकट सगळ्यांची ती करावी, अशी शिफारस अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही करत नाही.

आणखी एक गोष्ट रील्समध्ये सहसा नसते. केसांसाठी बायोटिनच्या जास्त डोसच्या गोळ्या घेत असाल, तर काही किटवर इन्शुलिन खोटंच कमी दिसू शकतं. रक्त देण्यापूर्वी लॅबला तसं सांगा.