पट्टा का घसरतो?

माझा भाचा मिशिगनमध्ये नोकरीस आहे. जुन्या यंत्रांची हौस म्हणून त्याने तेथे एक जुनी 'व्हिझर' विकत घेतली. परवा त्याचा फोन आला. "मामा, चढ लागला की इंजिन गर्जते, पण सायकल जागची हलत नाही. काल मागून मालवाहू गाडी येत असताना भर चौकात अडकलो." मी विचारले, "मग काय केलेस?" म्हणाला, "पट्टा ताणला. तीनदा ताणला."

व्हिझर ही मुळात सायकलला जोडावयाची मोटर. 1939 साली कॅलिफोर्नियातील विमानांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याने ती बाजारात आणली. प्रथम एक रोलर मागच्या टायरवर घासून चाक फिरवीत असे. 1942 मध्ये त्याऐवजी पट्टा आला. पुढे मिशिगनमधील पॉन्टियॅक येथे ती तयार होऊ लागली. युद्धानंतरच्या नमुन्यांत इंजिनापासून क्लचच्या कप्पीपर्यंत एक आखूड पट्टा असतो आणि तेथून मागच्या चाकाच्या आऱ्यांवर बसविलेल्या मोठ्या कप्पीपर्यंत दुसरा, लांब पट्टा. क्लच ओढला की आखूड पट्टा सैल पडतो. सोडला की स्प्रिंग तो पुन्हा ताणते.

हा पट्टा 'व्ही' आकाराचा असतो. त्याची पकड तिरक्या कडांवर असते, तळावर नाही. म्हणून ताण वाढविण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, स्पार्क प्लगची वायर काढून ठेवावी. मग पट्ट्यावर व कप्पीवर बोट फिरवावे. तेल लागले तर गळती कोठून होते ते आधी शोधावे, कारण नवा पट्टाही त्याच तेलात भिजेल. कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील, अथवा पट्टा झिजून कप्पीच्या तळाला टेकत असेल, तर तो बदलावाच. असा पट्टा कितीही ताणला तरी धरत नाही. त्यानंतर एक सरळ पट्टी कप्प्यांना लावून त्या एका रेषेत आहेत का ते पाहावे. शेवटी क्लचची केबल तपासावी. दांडा सोडलेला असताना तिला किंचित ढील हवी. ती नसेल तर आखूड पट्टा कायमच अर्धवट सैल राहतो. पट्ट्यावर राळ टाकली तर तो थोडा वेळ धरतो, परंतु दोष तसाच राहतो.

भाच्याने सांगितल्याप्रमाणे पाहिले. दोन्ही पट्टे तेलकट होते. इंजिनाच्या एका जुन्या सीलमधून तेल झिरपत होते. सील अगदी स्वस्त. पण तीनदा ताणल्यामुळे क्लचच्या कप्पीचे बेअरिंग घरघरू लागले होते, आणि खरा खर्च त्याचाच झाला.

"मामा, हे आधीच विचारायला हवे होते," तो म्हणाला. मी त्याला त्याच्या आजोबांच्या दुकानाची आठवण करून दिली. संध्याकाळी रोजमेळात चार रुपयांची तूट आली, तर खिशातले चार रुपये टाकून ते मेळ कधी बसवीत नसत. दिवा लावून बसत आणि चुकलेली नोंद सापडल्यावरच उठत.