तोफगाडा नसलेली तोफ

जबलपूरहून वायव्येला, मटारच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्यावर पाटन नावाचे तहसिलीचे गाव आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या मुलखावर १८१७ पर्यंत होता आणि पुढे कारखान्यांच्या निमित्तानेही मराठी कुटुंबे इकडे येत राहिली. त्यामुळे आमच्या मासिकाला या भागातून पत्रे येतात, यात नवल नाही. या वेळचे पत्र मात्र नेहमीच्या पत्रांहून निराळे आहे. पाटन येथील एका भगिनींनी लिहिले आहे की, त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा सुटीत जबलपूरला मामाकडे जातो आणि मामेभावाच्या संगणकावर लढाईचा एक खेळ खेळतो. त्या खेळात पृथ्वीभोवती फिरणारे एक स्थानक शत्रू बळकावतो, अंतराळपोशाख घातलेले सैनिक पोकळीत तरंगत एकमेकांवर गोळ्या झाडतात आणि त्या स्थानकावरून पृथ्वीवरील शहरे उद्ध्वस्त होतात. बाईंचे दोन प्रश्न आहेत : असे खरोखर होऊ शकते काय? आणि मुलाला हा खेळ खेळू द्यावा काय? त्यांचे यजमान जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत कामाला आहेत. त्यांनी पत्राच्या तळाशी एक ओळ आपल्या हाताने जोडली आहे : ‘‘बंदूक ठीक आहे, पण रिकॉइल कोण घेतो?’’

आमच्या मते सगळ्या पत्रात ही ओळ मोलाची आहे, म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतो.

वर्णनावरून तो खेळ ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या मालिकेतील २०१३ सालचा ‘घोस्ट्स’ हा असावा. याच मालिकेच्या २००९ सालच्या एका खेळात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा विध्वंस दाखविला होता. २०१३ च्या खेळात तर स्थानकच शस्त्र झाले आहे. आता पोकळीत बंदूक उडते काय, असा पहिला प्रश्न पुष्कळांना पडतो. उडते. काडतुसातील दारूला बाहेरच्या हवेची गरज नसते. जळण्यासाठी लागणारा प्राणवायू तिच्या घटकांतच बांधलेला असतो. आवाज मात्र दुसऱ्याला ऐकू येणार नाही, कारण तो वाहून नेण्यास तेथे हवा नाही. झाडणाऱ्याला जो काय धक्का जाणवेल तो हातांतून.

आणि तो धक्का हीच खरी गोम आहे. तोफ म्हटली की आपल्या नजरेपुढे नळी येते. परंतु जबलपूरचा जो कारखाना १९०४ मध्ये उभा राहिला त्याच्या नावात नळी नाही, गाडा आहे. गोळा जितक्या जोराने पुढे जातो तितक्याच जोराने तोफ मागे रेटली जाते. तो रेटा तेलाच्या नळकांड्यांत मुरवावा लागतो आणि उरलेला गाड्याच्या शेपटीच्या फाळांवाटे जमिनीत उतरवावा लागतो. या कारखान्यात बनलेल्या १५५ मिलिमीटरच्या ‘धनुष’ तोफांपैकी पहिल्या सहा एप्रिल २०१९ मध्ये सैन्याच्या हवाली झाल्या. त्या तोफेचे वजन तेरा टनांच्या आसपास आहे, तरीही ती फाळ रोवूनच उभी राहते. जमीन ही तोफेचा अर्धा भाग आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अंतराळात हा अर्धा भागच नाही. साधा हिशेब पाहावा. रायफलची चार ग्रॅमची गोळी सेकंदाला नऊशे मीटर वेगाने सुटली आणि झाडणारा माणूस पोशाखासकट दोनशे किलोचा धरला, तर एका गोळीसरशी तो सेकंदाला सुमारे दोन सेंटीमीटर या वेगाने मागे सरकू लागेल. हे फार नव्हे. परंतु त्याला थांबविणारे तेथे काहीच नाही. तीस गोळ्या झाडल्या की तो सेकंदाला अर्ध्या मीटरहून अधिक वेगाने स्थानकापासून दूर जाईल, आणि जाईपर्यंत जात राहील. शिवाय बंदूक खांद्याला लावलेली, म्हणजे शरीराच्या मध्यापासून बाजूला. तेव्हा तो नुसता सरकणार नाही, गिरक्याही घेऊ लागेल. दुसरी गोळी कोठे जाईल ते सांगता येत नाही. खेळातले सैनिक नेम धरून, एका जागी तरंगत लढतात. मुलाच्या वडिलांना जे खटकले ते हेच.

ही सारी कल्पनाच आहे, असेही नाही. सोवियेत संघाने जून १९७४ मध्ये ‘साल्यूत-३’ नावाचे स्थानक कक्षेत सोडले. जगाला ते शास्त्रीय स्थानक म्हणून सांगितले गेले. वस्तुतः ते ‘अल्माझ’ या लष्करी योजनेतले होते, आणि त्याच्या पोटाखाली विमानाच्या तोफेवरून बेतलेली एक शीघ्रगती तोफ बसविली होती. पावेल पोपोविच व युरी आर्त्युखिन हे दोघे त्या वर्षीच्या जुलैमध्ये तेथे सुमारे पंधरा दिवस राहिले. तोफ एकाच दिशेला रोखलेली, तेव्हा नेम धरावयाचा म्हणजे जवळजवळ एकोणीस टनांचे सबंध स्थानकच वळवावयाचे! धक्का सावरण्यासाठी तोफेबरोबर स्थानकाची इंजिनेही चालवावी लागणार होती. जबलपूरचा गाडा जे काम मातीकडून करून घेतो ते तेथे इंधन जाळून करावे लागले. माणसे आत असताना ती तोफ डागण्याचे धाडस झाले नाही. जानेवारी १९७५ मध्ये, रिकामे स्थानक वातावरणात उतरवून नष्ट करण्याच्या वेळी, जमिनीवरून आज्ञा देऊन ती डागण्यात आली. सोवियेत संघ होता तोपर्यंत ही हकीकत गुप्त राहिली. माणसांच्या वसतीसाठी बांधलेल्या स्थानकावरून तोफ डागल्याचे ज्ञात उदाहरण ते एवढेच. त्याच नावाच्या मालिकेतील ‘साल्यूत-७’ वर एप्रिल १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा राहून आले. त्या स्थानकावर तोफ नव्हती.

त्या गोळ्यांचे पुढे काय होते, हेही समजून घेण्याजोगे आहे. स्थानक जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते व दीड तासात पृथ्वीची प्रदक्षिणा पुरी करते. हाच वेग आतल्या प्रत्येक वस्तूला असतो, गोळीलाही. समोरच्या दिशेने गोळी झाडली तर तिच्या वेगात थोडी भर पडून ती अधिक लांबट कक्षेत जाईल, जवळजवळ पाच हजार किलोमीटर उंची गाठील आणि सुमारे दोन तास वीस मिनिटांनी जेथून सुटली त्याच ठिकाणी परत येईल. तोवर स्थानक पुढे निघून गेलेले असेल. परंतु गोळीचे हे फेरे चालूच राहतील आणि दर फेऱ्याला ती स्थानकाच्या वाटेवरून जाईल. उलटपक्षी, खेळात दाखविल्याप्रमाणे वरून धातूचे दांडे शहरांवर टाकावयाचे म्हटले, तर ते नुसते सोडून चालणार नाही. सोडलेला दांडा खाली पडणारच नाही, स्थानकाच्या सोबतीने फिरत राहील. त्याला मागच्या दिशेने जोराने ढकलून त्याचा वेग कमी करावा लागेल, तेव्हा कोठे तो खाली येऊ लागेल. ‘वर’ आणि ‘खाली’ हे आपले घरगुती शब्द तेथे फारसे उपयोगी पडत नाहीत.

येथे एका गंभीर गोष्टीकडे वळले पाहिजे. १९६७ च्या अंतराळ कराराने कक्षेत अण्वस्त्रे व सामूहिक संहाराची इतर अस्त्रे ठेवण्यास बंदी घातली आहे. भारतही त्या कराराचा सदस्य आहे. पण त्या बंदीत साधी तोफ येत नाही, आणि जमिनीवरून उपग्रह फोडणारे अस्त्रही येत नाही. आपल्या देशाने २७ मार्च २०१९ रोजी आपलाच एक उपग्रह सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर क्षेपणास्त्राने फोडला. उंची कमी निवडल्यामुळे त्याचे बहुतेक तुकडे पुढे वातावरणात येऊन जळाले. काही मात्र धडकेच्या जोराने स्थानकाच्या उंचीपलीकडे फेकले गेले होते, म्हणून त्या वेळी टीकाही झाली. रशियाने १५ नोव्हेंबर २०२१ रोजी असाच प्रयोग अधिक उंचीवर केला, तेव्हा पंधराशेहून अधिक मोठे तुकडे उडाले आणि आंतरराष्ट्रीय स्थानकावरील सात जणांना, त्यांत रशियाचे दोघे होते, परतीच्या यानांत शिरून आसरा घ्यावा लागला. स्थानकाच्या खिडकीच्या काचेला २०१६ मध्ये सात मिलिमीटरचा खड्डा दिसून आला होता. तो रंगाच्या पोपड्याएवढ्या कणाचा प्रताप असावा, असा तज्ज्ञांचा अंदाज होता. खेळातील लढाई संपली की पडदा काळा होतो व नवा डाव सुरू होतो. तेथे मात्र उडालेला प्रत्येक तुकडा मागे राहतो, आणि तो मित्र व शत्रू यांत भेद करीत नाही.

आता बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. हा खेळ सतरा वर्षे व त्यावरील वयाच्या खेळाडूंसाठी आहे, असे त्याच्या वेष्टणावरच छापलेले असते. तेराव्या वर्षी तो मुलाच्या हाती असू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मामांना तसे कळविण्यात संकोच बाळगू नये. मात्र त्याचे कारण अंतराळ स्थानक हे नव्हे. तो प्रसंग सगळ्या खेळात त्यातल्या त्यात निरुपद्रवी आहे. जवळून, चेहरे दिसत असताना होणारी हिंसा त्याच्या अलीकडे-पलीकडे भरपूर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेला ऑनलाइन खेळांचा कायदा मुख्यतः पैसे लावून खेळावयाच्या खेळांना आवर घालतो; घरातील वयाचा प्रश्न घरानेच सोडवावयाचा आहे. गोळीबाराचे खेळ केवळ परदेशांतून येतात असेही समजू नये. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीचा ‘इंडस’ हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही भविष्यकाळातील एका कल्पित परलोकात नेमबाजी चालते, फक्त वेश व वास्तू यांना भारतीय वळण आहे.

खेळ काढून घेताना त्याबरोबर मुलाचे कुतूहल काढून घेऊ नये. वडिलांनी विचारलेला प्रश्न त्यांनी मुलालाच विचारावा, आणि चाकाच्या खुर्चीवर बसवून त्याच्या हाती पाच-सहा किलोची धान्याची पिशवी द्यावी. ती जोराने पुढे फेकली की खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकते. तोफगाडा कशासाठी असतो, हे अशा वडिलांइतके चांगले कोण सांगणार? लखनौचे शुभांशु शुक्ला जून-जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून आले, आणि आपल्या स्वतःच्या स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये सोडण्याचा व २०३५ पर्यंत ते पुरे करण्याचा सरकारचा संकल्प आहे. त्या वर्षी हा मुलगा तेविशीच्या आसपास असेल.

स्थानक पाटनवरूनही जाते, आणि ते पाहण्यास दुर्बीण लागत नाही. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, आकाश निरभ्र असताना, पश्चिमेच्या बाजूने एक ठळक, न लुकलुकणारा ठिपका वर चढतो व चार-पाच मिनिटांत पूर्वेकडे सरकतो. त्याच्या वेळा नासाकडून गावानुसार मिळतात. संध्याकाळी पुष्कळदा तो माथ्यावरून थोडा पुढे जाताच विझल्यासारखा नाहीसा होतो. तो ढगाआड गेलेला नसतो, पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो.