'वय झालं' म्हणणारे आपण

म्हातारीला दिसेनासं झालं की घरात कोणीतरी म्हणतंच, 'आता काय करायचंय दिसून? कुठं कामाला जायचंय?' मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात फुकट होते. तरी ती या दिवाळीवरून पुढच्या दिवाळीवर जाते, कारण सोबत जायला आणि नंतर वेळच्या वेळी डोळ्यांत थेंब घालायला कोणी मोकळं नसतं. मग एके रात्री म्हातारी उंबऱ्याला अडखळते, खुब्याचं हाड मोडतं, अंथरूण धरते. भेटायला आलेले मान हलवतात, 'वय झालं हो!' घरादारानं मिळून केलेली हेळसांड अशी वयाच्या खात्यावर टाकली जाते.

माणसांचा आधार नसणं जिवावर बेततं, हे नुसतं वाटणं नाही. बर्कमन आणि साइम या संशोधकांनी १९७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यातल्या सुमारे सात हजार प्रौढांची नऊ वर्षांची पाहणी मांडली. नातीगोती, मैत्री, संघटना यांचा आधार ज्यांना सर्वांत कमी, त्यांच्यात मरणाचं प्रमाण भरपूर आधार असलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. धूम्रपान, दारू, आधीची प्रकृती हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरलाच. आणि ही माणसं तिशी ते सत्तरीच्या आतली, धडधाकट वयाची!

'आमच्याकडे एकत्र कुटुंब आहे,' हे उत्तर मला पाठ आहे. त्याच कुटुंबात आजोबांचं ताट खोलीच्या दाराशी सरकवलं जातं आणि दिवसभरातला संवाद 'गोळी घेतली का?' एवढाच असतो. जे काही होतं ते सून करते. श्रावणबाळ म्हणून मिरवतो मुलगा.

सरकारला तरी वेगळं काय म्हणावं? दारिद्र्यरेषेखालच्या ६० ते ७९ वयाच्या वृद्धासाठी केंद्राच्या निवृत्तिवेतनातला वाटा महिना २०० रुपये. राज्य त्यात भर घालतं, पण ते पैसे हातात पडायला अंगठा लागतो. जन्मभर खुरपं धरून आणि भांडी घासून बोटांच्या रेषाच झिजलेल्या, यंत्र म्हणतं जुळत नाही. रांगेत मागे उभा असलेला तरुण म्हणतो, 'आजी, सरका बाजूला.'

२००७ च्या कायद्यानं आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क दिला. त्यासाठी वकील लागत नाही. प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करायचा. पण आई अर्ज करत नाही. पोराची अब्रू जाईल म्हणते. शेजाऱ्यांना सगळं ठाऊक असतं, भिंतीपलीकडून ऐकूही येतं, तरी 'घरचा मामला' म्हणून ते दार लावून घेतात. वृद्ध स्वतः अर्ज करू शकत नसेल, तर त्यानं अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीनं करू शकते, असं त्याच कायद्यात लिहिलं आहे. गणेश मंडळ, महिला मंडळ, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ – आपल्या गल्लीत संस्थांना तोटा नाही. त्यांपैकी कोणी असा एक तरी अर्ज लिहून दिला आहे का, हे मंडळाच्या पुढच्या बैठकीत, वर्गणीचा हिशेब वाचण्याआधी, विचारा.