पायलट व्हायचंय? आधी प्लॉट विकू नका

मागच्या ईदला सोलापूरला गेलो होतो. शीरखुर्म्याची वाटी हातात होती आणि माझ्या खालेरी बहिणीच्या मुलानं मोबाइल पुढे केला. "मामू, हे बघा. 48 लाख, अठरा महिने, आणि थेट एअरलाइनमध्ये." एका फ्लाइंग स्कूलची जाहिरात होती. फोटोतल्या पोराच्या खांद्यावर चार पट्ट्या. चार पट्ट्या कॅप्टनच्या असतात, अठरा महिन्यांत त्या कुणालाच मिळत नाहीत, पण ते असो. भाऊजी शेजारीच बसले होते. त्यांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. म्हणाले, "विजापूर रोडच्या प्लॉटला गिऱ्हाईक आलंय. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हीच सांगा. देऊन टाकू का?"

मी सॉफ्टवेअरवाला. विमानात खिडकीची सीट मिळाली तरी खूश होणारा. पण आपल्या घरांत इंजिनिअर म्हटलं की पंख्यापासून विमानापर्यंत सगळं त्याला कळतं असं गृहीत असतं. मी म्हटलं, दोन महिने द्या आणि तोवर बयाणा घेऊ नका. त्या दोन महिन्यांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम वाचले आणि तीन पायलटांशी बोललो. त्यातला एक लायसन्स हातात घेऊन दोन वर्षं घरी बसलेला होता. सगळ्यात जास्त त्यानंच शिकवलं.

पायलट लागणार आहेत, यात खोटं काही नाही. 2023 मध्ये एअर इंडियानं 470 विमानांची आणि इंडिगोनं 500 विमानांची ऑर्डर दिली. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. पण याच देशात 2012 मध्ये किंगफिशर, 2019 मध्ये जेट आणि 2023 मध्ये गो फर्स्ट बंद पडली. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले पायलट बाजारात आले आणि 200 तासांचे नवे पोरं रांगेच्या शेवटी गेले. या धंद्यात भरतीची लाट येते आणि जाते. तुमचं लायसन्स कोणत्या वर्षी हातात पडेल हे तुमच्या हातात नसतं. म्हणून सगळी जमीन एकाच लाटेवर लावायची नसते.

नोकरी मिळण्याची शक्यता वाढवायची कशी, असं विचारलं की लोक मुलाखतीचं बोलतात. माझं मत असं झालंय की निम्मा निकाल मुलाखतीच्या चार वर्षं आधी लागलेला असतो, कामं कोणत्या क्रमानं केली त्यावर.

पहिलं काम मेडिकल. आमच्याच मोहल्ल्यातल्या एका मुलाच्या घरच्यांनी आधी फीचा हप्ता भरला, मग मेडिकल केलं. रंगांधळेपणा निघाला. ठिपक्यांच्या तक्त्यातला आकडा त्याला दिसेना. वीस वर्षांत घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही म्हणून दैनंदिन आयुष्यात काही अडत नाही. हप्ता परत मिळाला नाही. ही तपासणी काही हजार रुपयांत होते. डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरांकडे आधी क्लास 2, मग ठरावीक केंद्रांवर क्लास 1. क्लास 1 हातात येईपर्यंत कुठल्याही स्कूलला एक रुपया देऊ नका. आणि चष्मा आहे म्हणून स्वप्न सोडू नका, तेही तितकंच चुकीचं. चष्म्यानं नजर पूर्ण सुधारत असेल तर चालतं. आपल्याकडे कितीतरी मुली निव्वळ चष्म्यामुळे "आपलं काम नव्हे" म्हणून बसल्या असतील. भारतात महिला पायलटांचं प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास आहे, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त, हे मुलींच्या अब्बांना मुद्दाम सांगावं.

दुसरं काम कागदपत्रं, आणि इथे आपल्या नावांचा घोळ आडवा येतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'मोहम्मद', बारावीच्या 'मोहं.', आधारवर 'एमडी', पासपोर्टवर आडनाव 'शेख' आधी आणि शाळेच्या दाखल्यावर शेवटी. अम्मीचं नाव एका ठिकाणी 'बी' लावून, एका ठिकाणी 'बेगम'. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स घेतल्याची प्रकरणं उघडकीला आली, तेव्हापासून या बाबतीत ढिलाई राहिलेली नाही. परीक्षेला बसण्यासाठी डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी बोर्डाच्या गुणपत्रिकांची पडताळणी होते. पुढे विमानतळावर प्रवेशाचा पास काढताना पार्श्वभूमीची तपासणी होते. नावातल्या एका अक्षरानं महिने जातात. हे दुरुस्तीचं काम दहावीतच करून घ्यावं, गॅझेट करावं लागलं तरी. आमच्या भाच्याच्या तीन कागदांवर तीन नावं होती. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतात, ते होतं. ज्यांचं नाही ते मुक्त विद्यालयाच्या बोर्डातून हे विषय करतात.

तिसरं, पेपर आधी आणि उड्डाण नंतर. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल. प्रत्येकात 70 टक्के लागतात. रेडिओचं लायसन्स वेगळं. हे पेपर विमानाला हात न लावता घरी बसून देता येतात. मी पोरांना हेच सांगतो की लाखो रुपये भरण्याआधी निदान नेव्हिगेशन आणि मेट काढून दाखवा. निघाले तर पुढचं बोलू. नाही निघाले तर गेलं काय? पुस्तकांचे आणि परीक्षेचे पैसे. उलट क्रम धरला तर धावपट्टीजवळच्या गावात खोलीचं भाडं भरत, पेपरचा निकाल येईपर्यंत दिवस काढावे लागतात. कितव्या प्रयत्नात कोणता पेपर सुटला, हे मुलाखतीत विचारलं जातं, हेही लक्षात असू द्या.

मग स्कूलची निवड. इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. लायसन्सला किमान 200 तास उड्डाण लागतं, त्यातले 100 तास स्वतः पायलट इन कमांड म्हणून. अर्जाच्या आधीच्या 6 महिन्यांतही ठरावीक तास झालेले हवेत. म्हणजे स्कूलचं विमान दुरुस्तीला गेलं, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, पावसाळा लांबला की फक्त उशीर होत नाही, आधी उडवलेले तासही शिळे होतात. घरी बसलेला जो पायलट मला भेटला, त्याला 200 तासांना साडेतीन वर्षं लागली. फी त्यानं पहिल्याच दिवशी एकरकमी भरली होती, म्हणून सोडताही येईना. तेव्हा स्कूलला इमारत किती मजली हे विचारू नका. उडण्याच्या स्थितीत विमानं किती आणि विद्यार्थी किती? मागच्या वर्षी दाखल झालेल्यांपैकी कितींचे 200 तास झाले? फी तासांप्रमाणे टप्प्यांत घेता का? तिथल्या मुलांना गेटबाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारा, आज कुणी उडलं का. डीजीसीएनं ऑक्टोबर 2025 पासून स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत सगळ्यात वरच्या दोन श्रेणींत एकही स्कूल नव्हतं. जाहिरातीत मात्र प्रत्येक जण अव्वल. आपल्या महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, शिरपूर, धुळे, नागपूर अशी ठिकाणं आहेत, जाऊन बघायला एसटीचं तिकीट पुरतं. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी अकादमी आहे, तिथे प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

लायसन्स मिळालं म्हणजे नोकरी मिळाली नाही. एअरलाइन पुन्हा लेखी परीक्षा घेते, संगणकावर हात, डोळा आणि डोकं एकत्र चालतं का ते बघते, मानसशास्त्रीय चाचणी, गटचर्चा, मुलाखत, आणि बऱ्याच ठिकाणी सिम्युलेटर. मल्टी इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू स्थितीत हवं. घरी बसलेल्या त्या मुलाचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग भरती निघाली तेव्हा संपलेलं होतं. जागा होती, तो नव्हता. दुसरी चूक त्यानं टाळली होती. भरतीचा पत्ता नसताना अजून पंधरा-वीस लाख घालून एअरबसचं टाइप रेटिंग करून ठेवण्याची. ते करावं, पण हातात निवडीचं पत्र असताना.

आणि इंग्रजी. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलो म्हणून मला पहिल्या नोकरीत तोंड उघडायला वर्ष लागलं. विमानात तेवढी सवलत नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार किमान लेव्हल 4 हवी. पण ही साहेबी इंग्रजी नव्हे. कंट्रोलरनं सांगितलेलं नीट ऐकणं, तेच शब्द परत म्हणणं, आणि काही बिघडलं तर साध्या वाक्यात सांगणं. गटचर्चेत आपली मुलं एक तर गप्प बसतात किंवा मोहल्ल्याच्या सभेसारखी आवाज चढवतात. कॉकपिटमध्ये दोन माणसं असतात आणि दुसऱ्याची चूक त्याला न दुखावता, पण वेळेत सांगता यायला हवी. निवड करणारे तेच शोधत असतात.

आता जो प्रश्न भाऊजींनी हळूच विचारला, तो. "आपल्या नावाच्या पोराला घेतील का?" नावामुळे दार बंद होतं हे मला कुणी सांगायला नको. पुण्यात भाड्याचं घर शोधताना ते मी अनुभवलंय. पण मेडिकलच्या तक्त्याला नाव दिसत नाही, डीजीसीएचे पेपर संगणक तपासतो. आपली बहुतेक मुलं ज्या खोलीत भेदभाव होऊ शकेल त्या खोलीपर्यंत पोहोचण्याआधीच गळतात. पैशानं, चुकीच्या क्रमानं, माहितीअभावी. आधी तिथवर पोहोचू, मग दार बंद झालं तर भांडू. भांडायला तेव्हा पुरावाही असेल. हैदराबादच्या सैयदा सल्वा फातिमा यांचे वडील बेकरीत काम करायचे. एका उर्दू दैनिकाचे संपादक पाठीशी उभे राहिले, पुढच्या महागड्या प्रशिक्षणाला राज्य सरकारनं मदत केली, आणि त्या पायलट झाल्या. तिथे नाव आडवं आलं नाही, पैसा आला होता आणि तो कुणीतरी बाजूला केला.

पैशाचंच बोलू. साडेसात लाखांवर शैक्षणिक कर्ज म्हटलं की बँक तारण मागते. व्याज नको म्हणून कर्ज न घेणारी घरं आहेत, त्यांच्या श्रद्धेचा मी आदर करतो, पण तीच घरं राहतं छप्पर विकायला तयार होतात तेव्हा मला झोप येत नाही. 'पढो परदेस' ही व्याज सवलतीची योजना केंद्रानं 2022 मध्ये बंद केली. मात्र आपल्या राज्यात नागपूरच्या महाज्योती संस्थेनं ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत कमर्शियल पायलट प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. जागा मोजक्या, पण ही योजना आपलीही आहे. मोमीन-अन्सारी, पिंजारी-मन्सुरी, तांबोळी, अत्तार, बागवान, कुरेशी, फकीर, छप्परबंद यांच्यापैकी किती जणांनी अर्ज केला? जातीचा दाखला काढायलाच आपण लाजतो, "इस्लाममध्ये जात नाही" म्हणतो आणि नॉन क्रिमिलेअरची मुदत निघून जाते. अल्पसंख्याकांसाठी मार्टी ही संस्था राज्यानं 2024 मध्ये मंजूर केली. तिनं महाज्योतीसारखीच पायलट योजना सुरू करावी, ही मागणी आपल्या चळवळीनं लेखी द्यायला हवी.

आणि जमातीच्या फंडाबद्दल माझं मत अनेकांना आवडणार नाही. एका मुलाला 50 लाख देऊन हार घालून फोटो काढणं मला मान्य नाही. त्या पैशात शेकडो मुलांचं मेडिकल आणि पेपरची फी होते. आधी ते करा. त्यातून जी मुलं सगळे पेपर काढून येतील, त्यांना कर्ज-ए-हसना द्या, लेखी करारावर, टप्प्याटप्प्यानं, स्कूलला थेट. नोकरी लागली की पायलटचा पगार महिन्याला लाखाच्या घरात सुरू होतो आणि पुढे झपाट्यानं वाढतो. ते पैसे परत येतील आणि पुढच्याला जातील. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही आधी छोटी चाचणी करतो, ती पास झाली की मोठा खर्च. आमच्या कंपनीत हे न पाळणाऱ्याला मॅनेजर झापतो. आपल्याकडे त्याला दानशूर म्हणतात.

भाच्याचं क्लास 2 झालंय, क्लास 1 ची तारीख मिळाली आहे. तिन्ही कागदांवर आता एकच नाव आहे. रेग्युलेशन्स आणि मेट सुटले. नेव्हिगेशनमध्ये 64 आले, पुन्हा बसतोय. संध्याकाळी दुकानात काउंटरवर बसून चार्टवर रेघा ओढतो, आणि गिऱ्हाइकं विचारतात हे काय. प्लॉटवर अजून भाऊजींचीच पाटी आहे.